ज्येष्ठांच्या घरातील हलकी कामे आणि केअरटेकर: नागपुरातील कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शन

घरी केअरटेकर ठेवली की बहुतेक घरांत पहिला खटका औषधांवरून किंवा पगारावरून उडत नाही, तो भांड्यांवरून उडतो. ब्युरोकडून आलेल्या ताई म्हणतात की त्यांना आजींना सांभाळण्यासाठी पाठवले आहे, धुण्याभांड्यांसाठी नाही. घरची मंडळी म्हणतात की आजी दुपारी दोन-तीन तास झोपतात, तेवढ्या वेळात चार भांडी घासली तर काय बिघडले. आणि वर्षानुवर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना वाटते की आपले काम काढून घेण्याचा हा बेत आहे. तिघांपैकी कोणाचेच म्हणणे निराधार नसते. ‘वरची हलकी कामे’ म्हणजे नेमके काय, हे कोणीच कोणाला आधी सांगितलेले नसते, म्हणून वाद होतो.

लक्ष्मीनगरातल्या जुन्या घरात राहणाऱ्या माझ्या आत्यांची व्यवस्था गेली काही वर्षे मी पाहत आले आहे. त्या काळात तीन केअरटेकर आल्या, दोन गेल्या, आणि प्रत्येक वेळी काही ना काही नव्याने शिकावे लागले. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. हलक्या घरकामाचा हेतू संपूर्ण घर लखलखीत ठेवणे हा नाही. वृद्ध व्यक्ती दिवसभरात ज्या ठरावीक वाटेने फिरते, म्हणजे पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, तिथून स्वयंपाकघर, देवघर आणि वरांड्यातल्या खुर्चीपर्यंत, ती रोजची वाट कोरडी, मोकळी, उजेडाची आणि त्या व्यक्तीच्या सवयीची ठेवणे हा तो हेतू आहे. पुढील सर्व पायऱ्या याच कल्पनेवर आधारलेल्या आहेत.

पहिली पायरी: माणूस शोधण्याआधी चार दिवस पाहणे

मदतनीस शोधण्यास सुरुवात करण्यापूर्वी किमान चार दिवस, शक्य असल्यास घरी राहून, वृद्ध व्यक्तीचा दिवस शांतपणे पाहावा. पाहताना कशाकडे लक्ष द्यायचे यासाठी एक जुनी आणि सोपी चौकट उपयोगी पडते. लॉटन आणि ब्रोडी या अमेरिकी संशोधकांनी 1969 साली स्वतंत्रपणे राहण्यासाठी लागणाऱ्या आठ कामांची यादी मांडली: फोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणे, कपडे धुणे, प्रवास करणे, स्वतःची औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार सांभाळणे. ज्येष्ठांची तपासणी करताना डॉक्टर आजही तिचा उपयोग करतात. प्रत्येक कामापुढे ‘स्वतः करतात’, ‘थोड्या मदतीने करतात’ आणि ‘आता जमत नाही’ यांपैकी एक खूण करावी.

या तीन खुणांच्या जोडीला मी चौथा रकाना ठेवते, तो म्हणजे ‘करायला आवडते’. हा रकाना आम्ही सुरुवातीला ठेवला नव्हता आणि त्याची किंमत आत्यांना मोजावी लागली. पहिल्या महिन्यात आम्ही त्यांच्या हातातले सगळेच काम काढून घेतले. त्यांना आराम मिळावा हीच भावना होती, परंतु दोन महिन्यांत त्या खुर्चीतून उठेनाशा झाल्या आणि बोलणेही कमी झाले. त्यानंतर मटार सोलणे, सांभार निवडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे, फुलवाती वळणे आणि सकाळी तुळशीला पाणी घालणे ही पाच कामे लेखी स्वरूपात त्यांच्याकडे परत दिली. केअरटेकरने ती करायची नाहीत, फक्त मांडून द्यायची आणि जवळ बसायचे, असे ठरले. त्यामुळे घडी वाकडी पडते आणि भाजी निवडायला तासभर लागतो. तो तास वाया गेला असे मानू नये.

दुसरी पायरी: कामाची हद्द कागदावर आणणे

चार दिवसांच्या निरीक्षणातून जी कामे समोर येतात, ती सगळीच केअरटेकरची होत नाहीत. एखादे काम तिच्याकडे द्यावे की नाही हे ठरवण्यासाठी दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा की हे काम आज झाले नाही तर त्या व्यक्तीच्या प्रकृतीला, सुरक्षिततेला किंवा आत्मसन्मानाला बाधा येईल का. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो: हे काम करताना केअरटेकरला त्या व्यक्तीकडे किती वेळ पाठ फिरवावी लागेल? ज्यांना तोल जाण्याची किंवा विसरण्याची अडचण आहे त्यांच्या बाबतीत, दहा-पंधरा मिनिटांहून अधिक काळ हाकेच्या अंतराबाहेर नेणारे कोणतेही काम हलके धरू नये, मग ते अंगमेहनतीच्या दृष्टीने कितीही सोपे असो.

या कसोटीवर अंथरूण आवरणे, त्या व्यक्तीच्या खोलीतली धूळ पुसणे, सांडलेले पाणी लगेच टिपणे, त्यांची स्वतःची ताटवाटी, पेला आणि चहाचा गंज धुणे, त्यांचे कपडे मशीनला लावणे, जेवण गरम करून वाढणे, साधी खिचडी किंवा वरणभात करणे, फ्रीजमधले शिळे पाहणे, खोलीतला कचरा बाहेर ठेवणे, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या भरणे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध-औषधे आणणे ही कामे आत येतात. त्यातही दुकानात जाताना व्यक्तीजवळ दुसरे कोणी असेल तरच जावे.

बाहेर राहणारी कामे तितक्याच स्पष्टपणे लिहावीत, कारण भांडणे तिथेच होतात. संपूर्ण घराचा झाडू-पोछा, घरातल्या इतरांचे कपडे, पाहुण्यांची भांडी, स्टुलावर चढून पंखे आणि जाळे-जळमटे काढणे, पाण्याची टाकी धुणे, भरलेले सिलिंडर किंवा आलमारी सरकवणे, गाडी धुणे आणि सुट्टीत आलेली नातवंडे सांभाळणे ही कामे तिची नाहीत. आपल्याकडे वर्षातून काही वेळा ही हद्द हटकून मोडली जाते, ती म्हणजे महालक्ष्म्यांच्या आधी, दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्यात वाळवणाच्या दिवसांत. कुरड्या-सांडग्यांसाठी दिवसभर गच्चीवर असणारी केअरटेकर खाली झोपलेल्या काकाजींची हाक ऐकू शकत नाही. अशा कामांसाठी दोन दिवस वेगळी मजुरी देऊन दुसरी व्यक्ती लावावी.

धुण्याभांड्याच्या बाईंना काढून ती कामे केअरटेकरवर सोपवण्याचा मोह अनेक कुटुंबांना होतो. माझा सल्ला स्पष्टपणे याच्या विरुद्ध आहे. ज्या घरात दोघींची कामे वेगळी असतात तिथे केअरटेकर आजारी पडली तर निदान एक ओळखीचे माणूस घरी येत राहते, आणि दोन जणींची नजर असल्यामुळे सूज, जखम किंवा वागण्यातला बदल लवकर लक्षात येतो. दोघींना समोर बसवून, वृद्ध व्यक्तीच्या उपस्थितीत कामांची वाटणी वाचून दाखवावी आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूस लावावा.

तिसरी पायरी: निवड आणि बोलणी

ओळखीतून माणूस मिळाले तर विश्वास लवकर बसतो. ब्युरोकडून घेतल्यास बदली माणूस मिळण्याची सोय असते. ब्युरोशी बोलताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात: केअरटेकरच्या हातात महिन्याला प्रत्यक्ष किती रक्कम पडणार, ब्युरोचे कमिशन किती, ती अचानक आली नाही तर किती तासांत बदली मिळणार, आणि करार मोडायचा झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची. पहिला प्रश्न विचारायला संकोच वाटतो, परंतु आपण दिलेल्या पैशांतले किती तिच्यापर्यंत पोहोचतात यावर ती किती दिवस टिकेल हे बरेच अवलंबून असते.

आधार कार्डाची प्रत, छायाचित्र, कायमचा पत्ता आणि आधीच्या एका घराचा संपर्क घ्यावा, आणि पडताळणीसाठी ही माहिती आपल्या भागातील पोलीस ठाण्यात द्यावी. हे संशयापोटी करत नसून सर्वांसाठीच असलेली पद्धत म्हणून करत आहोत, असे तिला आधीच सांगावे आणि आपलाही पत्ता, दूरध्वनी व कुटुंबातल्या एका व्यक्तीचे नाव तिच्या घरच्यांसाठी लिहून द्यावे.

मुलाखतीत अनुभवाची वर्षे विचारण्यापेक्षा एक प्रसंग सांगावा. ‘फरशीवर पाणी सांडले आहे आणि त्याच क्षणी आजींनी पलंगावरून हाक मारली, तर आधी काय कराल?’ जी व्यक्ती आधी ‘आजी, बसून राहा, मी येते’ असे मोठ्याने सांगेन, मग त्यांच्याकडे जाईन आणि त्यांना स्थिर करून फरशी पुसेन असे सांगते, तिला या कामाचे मर्म कळलेले आहे.

बोलणी करताना कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, जेवण कोणाकडचे, बसायला आणि दुपारी पाठ टेकायला जागा कोणती, तसेच आजारपणातली रजा भरपगारी की बिनपगारी, हे सर्व ठरवावे. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम 2008 साली झाला आणि त्या मंडळाकडे नोंदणी करता येते. असंघटित कामगारांसाठीचे ई-श्रम पोर्टल 2021 पासून सुरू आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरकामगार स्त्रियांनाही लागू होतो आणि तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. याची जाणीव घरातील पुरुषांनाही असली पाहिजे. नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विदर्भ मोलकरीण संघटना हे प्रश्न दीर्घकाळ मांडत आली आहे. केअरटेकरचे बँक खाते असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा 20 रुपयांचा हप्ता आपण भरावा. त्यातून 2 लाख रुपयांचे अपघाती विमा संरक्षण मिळते आणि 18 ते 70 वर्षे वयाच्या व्यक्तीला ते घेता येते.

सुरुवातीचे सात दिवस परीक्षेचे ठेवावेत, मात्र त्या दिवसांचे पैसे पूर्ण द्यावेत.

चौथी पायरी: पहिल्या दिवशी घर कोणी दाखवायचे

घर दाखवण्याचे काम मुलाने किंवा सुनेने करू नये, ते ज्यांचे घर आहे त्यांनी करावे. आजींना चालता येत नसेल तर खुर्चीवर बसून त्यांनी सांगावे आणि केअरटेकरने जागा शोधाव्यात. साखरेचा डबा कुठे असतो, देवाची भांडी कोणत्या कापडाने पुसतात, चहाला कोणता गंज आणि दुधाला कोणता, हे त्यांच्या तोंडून आले की नव्या व्यक्तीला घराची मालकी कोणाकडे आहे ते आपोआप समजते, आणि आजींनाही आपले घर कोणी ताब्यात घेत आहे असे वाटत नाही. एकमेकांना हाक कशी मारायची हेही त्याच वेळी ठरावे. ‘आजी’, ‘काकू’, ‘काकाजी’ यांपैकी त्यांना जे रुचेल ते, आणि समोरून ‘ताई’ किंवा नावापुढे ‘ताई’. केअरटेकर वयाने लहान असली तरी पहिल्या दिवसापासून घरातील सर्वांनी तिच्याशी ‘अहो-जाहो’ने बोलावे असे मी सुचवते.

जिथे विस्मरणाचा आजार आहे तिथे एक नियम सर्वांत वर ठेवावा: वस्तूंच्या जागा बदलायच्या नाहीत. नीटनेटकेपणाच्या हौसेने चष्म्याची जागा टेबलावरून कपाटात गेली तर त्या व्यक्तीचा संपूर्ण सकाळचा वेळ घालमेलीत जातो. आलमारीच्या दारांवर, न्हाणीघरावर आणि औषधांच्या कप्प्यावर ठळक अक्षरांत मराठी चिठ्ठ्या लावाव्यात.

पाचवी पायरी: फरशी आणि न्हाणीघर

केअरटेकरच्या सर्व घरकामांत ज्यावर सर्वाधिक लक्ष द्यावे असे हे काम आहे, कारण म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले की त्यातून सावरणे फार कठीण असते.

पोछा लावण्याची वेळ वृद्ध व्यक्तीच्या दिनक्रमावरून ठरवावी. बाईंना सोयीची वेळ म्हणून आजी न्हाणीघरातून बाहेर येत असतानाच ओली फरशी असणे हा आपल्या घरांत रोज घडणारा धोका आहे. आजी नाश्त्यासाठी खुर्चीवर बसल्या की त्यांची खोली पुसावी, ती पूर्ण वाळेपर्यंत त्यांना उठू देऊ नये, आणि त्या वेळेत केअरटेकरने त्यांच्याजवळच थांबावे. कापड घट्ट पिळून घ्यावे, पंखा सुरू करावा, आणि रोजच्या वाटेचा पट्टा कोरड्या कापडाने पुन्हा एकदा पुसावा. फिनाईल बादलीत अंदाजाने ओतल्यास फरशी चिकट किंवा निसरडी राहते, म्हणून बाटलीवरचे प्रमाण पाहून टोपणाने मोजून घालावे. झाडताना फडा आधी किंचित ओलसर केला तर धूळ उडत नाही. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत हे आवश्यक समजावे.

रोज सकाळी एकदा केअरटेकरने त्या वाटेवरून स्वतः चालून पाहावे. गुंडाळलेली पायपुसणी, चार्जरची वायर, पाट, खाली पडलेले वर्तमानपत्र, सरकणारी सतरंजी या सर्व गोष्टी बाजूला कराव्यात. जुन्या घरांत दोन खोल्यांमध्ये उंबरठा असतो. तो काढता येत नसेल तर त्यावर उठून दिसणारी पिवळी पट्टी चिकटवावी. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा सुरू ठेवावा.

न्हाणीघरात अंघोळ झाल्यावर लगेच साबणाचा फेस धुऊन फरशी वायपरने कोरडी करावी, बादली आणि मग भिंतीला लावून ठेवावेत, आणि साबण खाली पडू नये अशा ठिकाणी ठेवावा. टॉवेलचा दांडा आधार म्हणून धरण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण तो दांडा माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेला नसतो. त्याच ठिकाणी भिंतीत पक्का बसवलेला आधारदांडा लावून घ्यावा. संडास आणि न्हाणीघराची कापडे स्वयंपाकघरात जाऊ नयेत म्हणून दोन वेगळे रंग ठरवावेत आणि कोणता रंग कुठला हे कागदावर लिहावे.

रसायनांबाबत एक गोष्ट प्रत्येक केअरटेकरला समोर बसवून समजावून सांगितली पाहिजे. संडास स्वच्छ करण्याच्या बहुतेक द्रवांत आम्ल असते आणि कपड्यांच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. ‘अधिक स्वच्छ होईल’ या समजुतीने दोन्ही एकत्र केल्यास क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद न्हाणीघरात तो श्वसनासाठी घातक ठरतो. एका वेळी एकच द्रव वापरावा, भरपूर पाण्याने धुवावा आणि खिडकी उघडी ठेवावी. सुटे ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी, कारण नजर अधू झालेल्या माणसाला ती पिण्याच्या पाण्याची बाटली वाटू शकते.

सहावी पायरी: स्वयंपाकघर आणि फ्रीज

फ्रीज आठवड्यातून एका ठरलेल्या वारी तपासावा. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक राहिले असेल तर ते पुन्हा वाढू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात ही मर्यादा एक तासावर आणावी. डब्यावर चिकटपट्टी लावून शिजवल्याचा दिवस लिहिला की वास घेऊन ठरवण्याची वेळ येत नाही, आणि वृद्धांची वासाची जाण कमी झालेली असल्याने हे अधिकच गरजेचे असते. इन्सुलिन असेल तर न उघडलेल्या शिश्या 2 ते 8 अंश तापमानात, मधल्या कप्प्यात ठेवाव्यात. बर्फाच्या कप्प्यात त्या कधीही जाऊ नयेत.

जुन्या वस्तू टाकण्यावरून मात्र जपून वागावे. काटकसरीत आयुष्य काढलेल्या माणसाला अर्धी वाटी भाजी फेकलेली सहन होत नाही, आणि केअरटेकरने परस्पर डबे रिकामे केले की विश्वासाला तडा जातो. त्यासाठी ‘विचारायचे’ असे लिहिलेली एक टोपली स्वयंपाकघरात ठेवावी. खराब झालेले अन्न दाखवून टाकावे, आणि बाकीचे टोपलीत ठेवून संध्याकाळी आजींना विचारावे. गॅसचे रेग्युलेटर प्रत्येक वेळी बंद करणे ही केअरटेकरची जबाबदारी म्हणून लिहावी.

औषधांबाबत एवढेच की डबा जागेवर ठेवणे, पाणी देणे आणि आठवण करणे ही तिची कामे आहेत. गोळी बदलणे, अर्धी करणे किंवा ‘आज बरे वाटते’ म्हणून चुकवणे हे तिच्या अधिकारात नाही.

सातवी पायरी: अंथरूण आणि कपडे

चादर रोज झटकून ताणून घालावी. जे दिवसाचा बराच काळ पडून असतात त्यांच्या अंगाखालची सुरकुतीदेखील त्वचेवर दाब आणते. लघवीवर ताबा नसेल तर गादीवर रबरी शीट आणि त्यावर सुती चादर अशी दोन पदरी व्यवस्था करावी, आणि बदलायचा संच पलंगाजवळच ठेवावा, म्हणजे रात्री केअरटेकरला खोलीबाहेर जावे लागत नाही. ओले कपडे हातमोजे घालून वेगळ्या बादलीत ठेवावेत, वेगळे धुवावेत आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. वापरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, खूण करून, ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यावे. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांतही असा कचरा नीट गुंडाळून देण्याची अपेक्षा होती. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात साठवाव्यात, कारण कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला त्या टोचतात.

गच्चीवर कपडे वाळत घालण्याऐवजी वरांड्यात घडीचा स्टँड ठेवावा. कारण दुसऱ्या पायरीत सांगितलेलेच आहे: गच्चीवरून हाक ऐकू येत नाही.

आठवी पायरी: नागपूरचा उन्हाळा

आपल्या शहरातील हलक्या घरकामाचे स्वरूप मार्च ते जून या काळात पूर्ण बदलते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, नवतपात रात्रीही उकाडा कमी होत नाही, आणि घरातले वातावरण ज्या एका यंत्रावर अवलंबून असते त्या कूलरची देखभाल नकळत केअरटेकरच्या गळ्यात पडते. म्हणून ती देखभाल कशी करायची हे तिला शिकवणे कुटुंबाचे कर्तव्य आहे.

हंगाम सुरू होताना कूलरची मोटार, वायर आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. हे केअरटेकरचे काम नाही. ताट्या बदलण्याचे कामही त्याच वेळी करून घ्यावे. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढणे, पायात कोरडी रबरी चप्पल असणे आणि ओल्या हाताने लोखंडी बॉडीला स्पर्श न करणे हे तीन नियम कूलरवरच कागद चिकटवून लिहावेत. चालू कूलरमध्ये पाईप सोडून पाणी भरण्याची सवय अनेक घरांत आहे आणि त्यातून विजेचा धक्का बसून जीव जातात. कूलरखाली गळणारे पाणी रोजच्या वाटेवर येत असेल तर कूलरची जागाच बदलावी.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून तिच्या कडा ब्रशने घासाव्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, ती टाकीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. नुसते पाणी ओतून देणे म्हणून पुरेसे नाही, आणि दहा दिवसांनी केलेली स्वच्छता उशिराची ठरते. कुंड्यांखालच्या बश्या, फ्रीजच्या मागची ट्रे आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे यांनाही हाच नियम लागू आहे. पाऊस सुरू झाल्यावर कूलर कोरडा करून झाकून ठेवावा.

उन्हाळ्यात अंगमेहनतीची कामे सकाळी नऊच्या आत संपवावीत, ऊन चढण्यापूर्वी खिडक्या आणि पडदे बंद करावेत आणि संध्याकाळी पुन्हा उघडावेत. कूलर सुरू असेल त्या खोलीत हवा बाहेर जाण्यासाठी एक फट मात्र ठेवावी लागते, अन्यथा दमटपणा वाढतो आणि गारवा येत नाही. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे ‘तहान लागली की मागतील’ यावर विसंबू नये. किती पाणी द्यायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे, विशेषतः हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास, आणि तेवढ्या बाटल्या सकाळीच भरून मांडाव्यात, म्हणजे संध्याकाळी किती उरले ते दिसते. अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध झाले असेल तर व्यक्तीला थंड जागी घेऊन अंगावर ओले कापड व वारा घालत 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि कुटुंबाला फोन त्यानंतर करावा. केअरटेकरला हा क्रम पाठ असला पाहिजे, कारण घाबरलेली व्यक्ती आधी मालकांना फोन लावते आणि त्यात वेळ जातो.

हिवाळ्यासाठी एकच सूचना पुरेशी आहे. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे आणि मग गरम घालावे, तसेच पाण्यात सोडायचा हीटर रॉड वृद्धांच्या घरात वापरूच नये.

नववी पायरी: वही, पैसे आणि किल्ल्या

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. तीत रोज चार-पाच ओळी लिहिल्या जाव्यात: काय खाल्ले, किती झोप झाली, शौचास झाले का, कोणते काम राहिले, काय संपत आले. लिहिणे जमत नसेल तर खुणा ठरवाव्यात किंवा संध्याकाळी आवाजाचा संदेश पाठवावा. बाहेरगावी राहणाऱ्या मुलांनी या नोंदी वाचून आठवड्यातून एकदा तरी केअरटेकरशी निवांत बोलावे. केवळ उणिवा काढण्यासाठी फोन करू नये.

किरकोळ खर्चासाठी एका पाकिटात ठरावीक रक्कम ठेवावी, खर्च वहीत लिहावा आणि पावत्या त्याच पाकिटात जपाव्यात. दागिने आणि मोठी रोकड बँकेत किंवा नातेवाइकांकडे हलवावी. त्यामुळे वृद्ध व्यक्तीचे रक्षण होतेच, शिवाय केअरटेकरवर नाहक आळ येण्याचा प्रसंगही टळतो. विस्मरणाच्या आजारात ‘माझे पैसे चोरले’ असे वारंवार म्हणणे हे आजाराचेच लक्षण असू शकते. आत्यांची सोन्याची बांगडी एकदा सापडेना, तेव्हा घरात दोन दिवस फार वाईट वातावरण होते. ती शेवटी तांदळाच्या डब्यात निघाली, त्यांनीच ठेवलेली. तोपर्यंत एका प्रामाणिक बाईच्या पिशवीची झडती घेतली गेली होती, आणि त्या पुढच्या महिन्यात काम सोडून गेल्या. वस्तू हरवल्यास आधी त्या व्यक्तीच्या नेहमीच्या लपवायच्या जागा शांतपणे तपासाव्यात, मगच प्रश्न विचारावेत. घरात कॅमेरा लावायचा असल्यास केअरटेकरला आणि वृद्ध व्यक्तीला आधी सांगावे. न्हाणीघरात आणि कपडे बदलण्याच्या जागी तो कधीही असू नये.

दहावी पायरी: सुट्टी आणि फेरआढावा

केअरटेकर रजेवर जाणारच, हे गृहीत धरून दुसरी व्यक्ती आधीच ओळखीची करून ठेवावी आणि तिला महिन्यातून एक दिवस भरपगारी बोलवावे. तिच्यासाठी एका पानावर घराची माहिती लिहिलेली असावी: उठण्याची आणि जेवणाची वेळ, औषधांचा डबा, डॉक्टरांचा आणि दोन शेजाऱ्यांचा फोन, पाण्याच्या व विजेच्या मुख्य बटणाची जागा, कूलरचे तीन नियम, आणि आणीबाणीचे क्रमांक 108 व 112. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 हीदेखील त्यात असावी. दुर्लक्ष किंवा छळ होत असल्याचा संशय आला तर तिथून मार्गदर्शन मिळते.

दर तीन महिन्यांनी पहिल्या पायरीतली आठ कामांची यादी पुन्हा काढावी आणि खुणा बदलल्या आहेत का ते पाहावे. रात्री तीन-चार वेळा उठवावे लागणे, एका व्यक्तीला उचलता न येणे, अंगावर न भरणारी जखम दिसणे किंवा घराबाहेर निघून जाण्याचे प्रसंग घडणे, यांपैकी काहीही दिसू लागले की घरकामाची यादी छोटी करावी, सेवेचे तास वाढवावेत आणि प्रशिक्षित परिचारिकेची गरज आहे का हे डॉक्टरांना विचारावे. त्या वेळी जुन्या पगारात नवी जबाबदारी न टाकता केअरटेकरशी नव्याने बोलणी करावी आणि दारामागचा कागद काढून त्या जागी नवा लावावा.